ओल्ड-टाइम बँजो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीनिमित्त काही वर्षं नॉर्थ कॅरोलायनात राहिलो. तिथे हे वाद्य हाती आलं आणि पुण्याला परतताना सामानातून सोबत आलं. घरी कोणीही आलं की भिंतीवर टांगलेल्या बँजोकडे बघून तेच प्रश्न विचारतं. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बँजो हाच का?

नाही, नाव तेवढं एक आहे. मुंबईत 'बँजो पार्टी'त वाजतो तो टाइपरायटरसारखी बटणं असलेला बँजो, बुलबुलतरंगाच्या घराण्यातला. त्याचा मूळपुरुष म्हणजे १९१२ साली जपानमध्ये नागोयात तयार झालेलं ताइशोगोतो. एका हाताने बटणं दाबायची आणि दुसऱ्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या.

इथे ज्याबद्दल बोलतोय त्याला बटणं नाहीत. लाकडी गोल कडं, त्यावर ताणलेलं कातडं किंवा प्लॅस्टिकचं आवरण, त्यातून निघालेली लांब दांडी आणि पाच तारा. डफाला दांडी जोडून तारा ओढल्या तर जे दिसेल, साधारण तसं. दुकानात विचारताना 'पाच तारांचा अमेरिकन बँजो' असंच म्हणा, नाहीतर बटणांचाच समोर ठेवतात.

'ओल्ड-टाइम' म्हणजे नुसतं जुनं संगीत का?

जुनं तर आहेच, पण हे एका विशिष्ट परंपरेचं नाव आहे. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया या भागात अ‍ॅपलॅशियन डोंगररांगा आहेत. तिथल्या खेड्यापाड्यांत रात्रीच्या नाचासाठी फिडल आणि बँजो वाजायचे. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त वाजवण्याची तऱ्हा गावाकडची. १९२३ साली ओके या कंपनीने अटलांटात फिडलिन जॉन कार्सन या वादकाची रेकॉर्ड काढली, ती खपली, आणि मग सगळ्याच कंपन्या डोंगरातले वादक शोधत निघाल्या. गिऱ्हाइकाला हा माल ओळखता यावा म्हणून त्यावर 'जुन्या काळच्या धुना' अशी चिठ्ठी लागली. तेच नाव पुढे टिकलं.

मग ब्लूग्रास वेगळं कसं?

ब्लूग्रास ही नंतरची शैली. डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज हा बँजोवादक बिल मन्रो या गायक-वादकाच्या ताफ्यात आला आणि तीन बोटांत नख्या घालून वाजवण्याची त्याची धारदार, वेगवान पद्धत सगळीकडे पसरली. ब्लूग्रासमध्ये एकेक वादक पुढे येऊन आपली करामत दाखवतो, बाकीचे मागे साथ करतात. ओल्ड-टाइममध्ये सगळे एकच धून एकाच वेळी वाजवतात, पुढे कोणीच येत नाही. बँजोही वेगळा: ब्लूग्रासच्या बँजोला पाठीमागे लाकडी बशी असते, आमचा मागून उघडा असतो.

बँजो हे गोऱ्या शेतकऱ्यांचं वाद्य ना?

हा समज मलाही होता, आणि तो मोडला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

बँजो पश्चिम आफ्रिकेतून आला. वाद्य म्हणून जहाजातून आला असं नव्हे. गुलाम करून नेलेल्या माणसांच्या हातांत आणि आठवणीत तो आला. सेनेगल-गांबियाच्या भागात जोला लोकांचं अकोंटिंग नावाचं वाद्य आजही वाजतं. भोपळ्यावर ताणलेलं कातडं, तीन तारा, त्यातली एक आखूड. तर्जनीच्या नखाने तार वरून खाली मारायची आणि आखूड तार अंगठ्याने छेडायची. गांबियाचे डॅनियल जट्टा यांनी हे वाद्य २००० सालच्या सुमारास अमेरिकेतल्या बँजोवाल्यांसमोर वाजवून दाखवलं. आपली उजव्या हाताची चाल कुठून आली हे त्या मंडळींना तेव्हा समोरासमोर दिसलं.

हान्स स्लोन नावाचा, आयर्लंडमध्ये जन्मलेला वैद्य १६८७ साली जमैकाला गेला. तिथल्या गुलामांच्या भोपळ्याच्या वाद्यांचं चित्र त्याने १७०७ च्या आपल्या ग्रंथात छापलं. थॉमस जेफरसननेही 'बँजार' हे वाद्य या लोकांनी आफ्रिकेतून आणलं अशी नोंद केली आहे, आणि ती करणारा स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता. म्हणजे दीडशेएक वर्षं हे वाद्य फक्त कृष्णवर्णीय लोकांचं होतं. १८३० च्या दशकात व्हर्जिनियाचा जोएल स्वीनी त्यांच्याकडून ते शिकला आणि रंगमंचावर घेऊन गेला. पुढे तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या गोऱ्यांच्या नाटक मंडळ्या निघाल्या आणि बँजो त्यांची निशाणी झाला. ज्यांनी वाद्य घडवलं त्यांचीच त्या वाद्यावर थट्टा. कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांनी नंतर बँजो बाजूला ठेवला, त्यामागे जी कारणं होती त्यांतलं हे एक.

सगळ्यांनी मात्र ठेवला नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या मेबन गावचे जो थॉम्प्सन (१९१८–२०१२) फिडल वाजवत आणि त्यांचे चुलतभाऊ ओडेल बँजो. २००५ साली बून गावात कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला. तिथे भेटलेली रिआनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन ही तीन तरुण मंडळी पुढे दर गुरुवारी जो यांच्या घरी शिकायला जाऊ लागली. त्यांचा कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा ताफा तिथूनच निघाला. गुरूच्या घरी बसून तोंडी विद्या घेणं आपल्याला नवं नाही, त्यामुळे ही हकीकत ऐकली की मला लगेच जवळची वाटते.

पाचवी तार अर्ध्यातूनच का सुरू होते?

इतर तारांच्या खुंट्या दांडीच्या टोकाला असतात. पाचव्या तारेची खुंटी मात्र पाचव्या पडद्यापाशी (पडदे म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), दांडीच्या कडेला असते. तार आखूड म्हणून तिचा सूर सगळ्यांत उंच, आणि तरीही ती अंगठ्याजवळ, म्हणजे सगळ्यांत जाड तारेच्या शेजारी. गिटारवाले इथे हमखास गोंधळतात.

सतार ऐकणाऱ्याला मात्र एका शब्दात सांगता येतं: चिकारी. डाव्या हाताने ती दाबायची नसते, तिच्यावर स्वर काढायचे नसतात. लयीत मधूनमधून ती टणकारत राहते आणि धुनेच्या मागे एक सूर कायम जागा ठेवते. शाहिराच्या मागचं तुणतुणं आठवा, काम तेच. फरक इतकाच की इथे शाहीर आणि तुणतुणेवाला एकाच हातात आहेत.

क्लॉहॅमर म्हणजे काय? हात कसा ठेवायचा?

ही या वादनाची मूळ चाल. तार खालून वर ओढायची नाही, नखाने वरून खाली मारायची. सतारीचा, गिटारचा हात असणाऱ्यांना सुरुवातीला हे अगदी उलटं वाटतं.

उजवा हात मुठीत लिंबू धरल्यासारखा अर्धवट मिटा. घट्ट नको, लिंबू पिळायचं नाहीये. मधल्या बोटाचं किंवा तर्जनीचं नख, दोन्हीपैकी जे सोयीचं वाटेल ते. बोट झटकायचं नाही. बोट आहे तसंच ठेवून मनगटातून आणि कोपरातून अख्खा हात खाली आणायचा, दार ठोठावतो तसा.

आता चार मात्रा मोजा. पहिलीला नखाने एका तारेवर मारा, तो धुनेचा स्वर. त्याच क्षणी अंगठा पाचव्या तारेवर येऊन टेकतो, वाजवत नाही, नुसता टेकतो. दुसरी मात्रा मोकळी. तिसरीला नख दोन-तीन तारांवरून झर्रकन खाली, आणि अंगठा पुन्हा टेकलेला. चौथीला हात वर उचलताना अंगठा पाचवी तार सोडतो आणि ती वाजते. तिकडे याला 'बम-डिट्टी' म्हणतात. बम, मोकळी जागा, डिट्, टी.

खरी गंमत त्या मोकळ्या जागेत आहे. नवशिका ती घाईघाईने खाऊन टाकतो आणि चाल सपाट होते. मला तिथे एका म्हाताऱ्या बाईंनी शिकवलं. दोन आठवडे त्यांनी डाव्या हाताला तारेला शिवू दिलं नाही. रोज वीस मिनिटं नुसती ही चाल, पाय आपटत. तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, आता बोलत बोलत वाजव. आज सकाळी काय खाल्लं ते सांग. मी उपमा कसा करतात ते सांगत होतो आणि रवा भाजण्यापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की हात आपला आपण चाललाय. तोवर डाव्या हाताची घाई करू नका, एवढाच माझा सल्ला.

पुढे 'ड्रॉप थम' येतो, म्हणजे अंगठा पाचवी तार सोडून खाली उतरतो आणि धुनेचे मधले स्वर घेतो. तो सहा महिन्यांनी शिकलात तरी चालेल.

तारा कोणत्या सुरांत लावायच्या?

एक ठरलेली लावणी नाही. धुनेप्रमाणे तारा पुन्हा जुळवतात आणि या संगीताचा निम्मा रंग त्यातच आहे. सगळ्यांत जास्त लागणाऱ्या तीन जुळण्या सरगममध्ये सांगतो. पाचवीपासून सुरू करून मग चौथी ते पहिली असा क्रम आहे.

ओपन जी: तार सा, मंद्र प, सा, ग, प. यात जी म्हणजे सा. शिकायला सुरुवात इथून करा. 'क्रिपल क्रीक' ही नवशिक्यांची ठरलेली धून यातच बसते.

सॉमिल: तार सा, मंद्र प, सा, म, प. वरच्या जुळणीतली फक्त दुसरी तार अर्धा सूर चढवली, ग चा म झाला. पण परिणाम ऐका! मोकळ्या तारांत गंधारच उरला नाही. त्यामुळे धून खमाजाकडे झुकेल की काफीकडे, हे वाजवणारा बोटाने ठरवतो. कित्येक जुने वादक गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी ठेवतात. संध्याकाळी घरी एकटा असलो की मी हीच जुळणी लावतो.

डबल सी: प, मंद्र सा, मंद्र प, सा, रे. यात सी म्हणजे सा. या जुळणीत वाजणाऱ्या पुष्कळ धुनांत म आणि नी नसतातच, म्हणजे स्वर भूपाचे. राग भूप नव्हे, स्वर तेवढे भूपाचे. चलन पूर्ण वेगळं.

फिडलवाले बहुधा ए आणि डी मध्ये वाजवतात, म्हणून दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा, लावून सगळंच एक सूर चढवायचं. पाचव्या तारेला कॅपो पोचत नाही. तिच्यासाठी सातव्या पडद्यापाशी दांडीत एक बारीक खिळा ठोकलेला असतो, तार त्याच्याखाली अडकवायची. हे खिळे खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचे असतात! बँजो दुरुस्त करणारे तेच वापरतात, कारण मापाला दुसरं काही इतकं नेमकं बसत नाही.

पाश्चात्त्य नोटेशन येत नाही. अडेल का?

अजिबात नाही. जुन्यांपैकी बहुतेकांना येत नव्हतं. कानाने घ्या. तबल्याचा, भजनाचा, सुगम गायनाचा कान असेल तर तुम्ही पुढेच आहात.

बिनपडद्याचा बँजो असतो म्हणे?

असतो, आणि पहिले सगळे तसेच होते. पडदे रूढ झाले ते १८८० नंतर. सरोद बघा: खाली कातडं, वर पडदे नाहीत, बोट घसरावं म्हणून पोलादी पत्रा. नॉर्थ कॅरोलायनातल्या राउंड पीक भागातला काइल क्रीड नावाचा वादक बँजो बनवायचा. त्यानेही बोट गुळगुळीत घसरावं म्हणून दांडीवर पट्टी बसवली, आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याला लावतो त्या सनमायकाची. दोन टोकांच्या दोन कारागिरांना एकच अडचण आली आणि उत्तरही जवळपास एकच सुचलं. सरोद वाजवणाऱ्या कोणी हा बँजो हातात घेतला तर काय होईल, हे ऐकायची मला फार इच्छा आहे.

कोणता बँजो घ्यावा?

पहिल्यांदा तारा मोजा. सहा असतील तर ती बँजोच्या अंगाची गिटार, चार असतील तर जॅझमधला टेनर. आपल्याला पाच हव्यात आणि पाचवी खुंटी दांडीच्या मधे हवी. मग पाठ उघडी आहे ना ते बघा. वजन दोन किलोच्या आसपास असलं की मांडीवर तासभर सहज राहतो. बशीवाला पाच किलोपर्यंत जातो. अमेरिकेतून कोणी येणार असेल तर डीअरिंग कंपनीचा गुडटाइम हा मॅपलचा साधा बँजो पहिला म्हणून चांगला.

तारांची काळजी नको. बँजोच्या तारेच्या टोकाला फास असतो आणि गिटारच्या तारेला पितळी मणी. पकडीने दाबून तो मणी फोडून काढला की आत फासच राहतो. पहिल्या आणि पाचव्या तारेला ०.०१० इंचाची तार चालते.

पावसाळ्यात काय करायचं?

प्लॅस्टिकचं आवरण असेल तर काही नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही आवरणं आली आणि ही कटकट मिटली. कातडं असेल तर जुलैत ते ढिलं पडणारच. घोडी, म्हणजे तारांखालचा लाकडी तुकडा, खाली बसते, तारा दांडीला टेकतात आणि आवाज बोदा होतो. हलगीवाले वाजवण्याआधी हलगी शेकतात ना, तोच न्याय इथेही. मी पिवळ्या दिव्याखाली पाच मिनिटं धरतो, विस्तवाजवळ नेत नाही. कडेचे स्क्रू ओल्या हवेत करकचून आवळू नका. ऑक्टोबरचं ऊन पडलं की कातडं आकसतं आणि आवळून ठेवलेलं फाटतं. माझं एक फाटलं. दुपारी दोन वाजता, कोणी हात लावला नसताना, बंद खोलीत फटाका वाजावा तसा आवाज झाला.

आवाज फार मोठा आहे. फ्लॅटमध्ये कसं वाजवणार?

कातड्याच्या मागे, लाकडी कड्याच्या आत जुना पायमोजा किंवा छोटा नॅपकिन कोंबा. आवाज निम्मा होतो आणि गोडही होतो. तिकडचे कित्येक चांगले वादक कायम असंच वाजवतात.

तीच धून पंधरा वेळा वाजवतात. कंटाळा येत नाही?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. धून छोटी असते. एक भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, की अर्ध्या-पाऊण मिनिटात संपली. मग पुन्हा पहिल्यापासून, दहा वेळा, वीस वेळा.

माउंट एअरी गावात दर जूनच्या सुरुवातीला फिडलवाल्यांचा मोठा मेळावा भरतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रंगमंचासमोर खुर्ची धरून बसलो, आणि काहीच हाताला लागलं नाही. रात्री गाडीकडे परतताना तंबूंच्या रांगेत एका ताडपत्रीखाली सहा जण गुडघ्याला गुडघा लावून बसलेले दिसले. एकच कंदील. मधे फिडलवाला म्हातारा, डोळे मिटलेले. मी मागे उभा राहिलो. पहिली चार आवर्तनं ऐकली, धून कळली. सहाव्याला ती ऐकू येईनाशी झाली आणि बँजोचा अंगठा ऐकू येऊ लागला. दहाव्याच्या आसपास कोणीतरी एक स्वर गाळला आणि त्या मोकळ्या जागेत सगळ्यांचे पाय एकदम पडले. म्हाताऱ्याने हसून डोळे उघडले, पुन्हा मिटले. तिथे कोणी कोणासाठी वाजवत नव्हतं. आमच्या गावच्या भजनात रात्री बाराच्या पुढे एकच चरण घोळवत राहतात आणि टाळकऱ्यांचे हात एक होतात, त्याची मला लख्ख आठवण झाली.

म्हणून मी सांगतो, ही धून पुन्हा पुन्हा वाजत नाही, ती मुरत जाते. तीन मिनिटांची रेकॉर्ड ऐकून तिचा अंदाज येत नाही.

अशा बैठकीत बसायचे काही रिवाज आहेत का?

आहेत, आणि ते कोणी लिहून लावत नाही. धून फिडलवाला सुरू करतो. सूर कोणता ते विचारा आणि तो बदलेपर्यंत तिथेच राहा. एकदा ए लावला की तास-दीड तास ए च्याच धुना चालतात, कारण बँजोला पुन्हा जुळवायला वेळ लागतो. धून येत नसेल तर मागच्या रांगेत बसून हळू शोधा, कोणी रागवत नाही. एका घोळक्यात दोनपेक्षा जास्त बँजो झाले तर आपला बाजूला ठेवण्यात शहाणपण आहे. आणि नजर वाजवणाऱ्यांच्या पायांकडे ठेवा. ज्याने धून सुरू केली त्याने एक पाय उचलला की हे शेवटचं आवर्तन.

जुन्या गाण्यांत वर्णद्वेषी शब्द असतात. मग ती वाजवावीत का?

असतात. काही धुना थेट त्या काळं फासलेल्या नाटक मंडळ्यांतून आल्या आहेत. माझा निर्णय असा: ते शब्द गात नाही, धुनेचं तसलं नाव घेत नाही, आणि कोणी विचारलं तर धून कुठून आली ते लपवत नाही. काही धुना मी पूर्णपणे सोडल्या. चाल गोड आहे एवढं कारण मला पुरत नाही.

सुरुवातीला कोणाला ऐकावं?

टॉमी जॅरल (१९०१–१९८५) यांच्यापासून सुरू करा. आयुष्यभर महामार्ग खात्यात रस्ते सपाट करणारं यंत्र चालवलं. निवृत्तीनंतर टोस्ट गावातल्या त्यांच्या घरी देशभरातून तरुण पोरं शिकायला येऊ लागली. जॅरल त्यांना जेवू घालायचे आणि वाजवून दाखवायचे. त्यांचं फिडल आणि फ्रेड कॉकरहॅमचा बँजो एकत्र ऐका. राउंड पीकची चाल म्हणजे काय ते दहा मिनिटांत कळेल.

मग डॉक बॉग्ज. व्हर्जिनियाच्या नॉर्टनचा कोळसा खाणीतला कामगार. लहानपणी कृष्णवर्णीय वादकांचं ऐकून शिकला, १९२७ साली न्यूयॉर्कला जाऊन रेकॉर्ड केल्या आणि नंतर पुष्कळ वर्षं बँजोच सोडला. १९६३ साली माइक सीगर हा लोकसंगीत गोळा करणारा वादक त्याला शोधत आला तेव्हा तो पुन्हा वाजवू लागला. हा क्लॉहॅमर नाही, तो बोटांनी तारा वर ओढतो, पण आवाजातलं दुःख असं की एका वेळी दोन-तीन गाण्यांपुढे मला ऐकवत नाही. केंटकीचा रॉस्को होल्कम त्याच जातीचा. वेड वॉर्ड मात्र अगदी निर्मळ, स्वच्छ, नक्कल करून शिकायला उत्तम. जो आणि ओडेल थॉम्प्सन यांना चुकवू नका.

फुकट ऐकायचं असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर हेन्री रीड या फिडलवाल्याची १९६०च्या दशकातली ध्वनिमुद्रणं आहेत. अ‍ॅलन जब्बूर यांनी त्याच्या घरी जाऊन केलेली. त्यावर तुम्ही घरबसल्या साथ करू शकता.

इथे सोबत वाजवायला कोणी नसेल तर?

व्हायोलिन शिकणारं कोणीतरी शेजारीपाजारी असतंच. त्यांना एक धून ऐकवा. माझ्याकडे दर रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरची अकरावीतली मुलगी येते, कर्नाटकी व्हायोलिन शिकते. पहिल्या दिवशी ती मांडी घालून, व्हायोलिनची मान पावलावर टेकवून बसली आणि गंधाराला असं आंदोलन दिलं की माझा हात थांबला. आता आमच्या चार धुना बसल्या आहेत. पाय उचलायची खूण तिने घेतली नाही. शेवटचं आवर्तन आलं की ती तिहाई घेते, आणि मी तिच्याबरोबर समेवर येतो.